डाग कुठे गेला?

प्रश्न : आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचं शिसवी गोल टेबल आहे. दिवाळीत फराळाला आलेल्या कुणीतरी चहाचा गरम कप बशीशिवाय त्यावर ठेवला आणि पांढरं कडं उमटलं. ओल्या फडक्याने पुसलं, साबणाने पुसलं, गेलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, वर सुती फडकं टाक आणि कोमट इस्त्री फिरव. भीत भीत केलं, तर दोन मिनिटांत कडं नाहीसं! मग त्याच उत्साहात मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या डागावरही इस्त्री फिरवली. तिथला डाग तर गेला नाहीच, उलट सनमायका पापडासारखा फुगला. इस्त्री तीच, हात तोच, मग असं का झालं? आणि पहिल्या टेबलावरचा डाग गेला तो नेमका कुठे? फडक्यावर तर काहीच आलं नव्हतं.
एक वाचक, मिरज

उत्तर : फडक्यावर काही आलं नव्हतं, हे तुम्ही आवर्जून पाहिलंत याचा मला फार आनंद झाला. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या कोऱ्या फडक्यातच आहे. डाग वर असता तर फडक्याला लागला असता. तो टेबलावर नव्हताच, पॉलिशच्या आत होता.

घरातल्या जवळजवळ प्रत्येक गुळगुळीत वस्तूला एक कातडी असते. लाकडाला पॉलिश, नळाला क्रोम, पातेल्याला कल्हई, कपाटाला सनमायका. आपण पुसतो, घासतो, धुतो ती ही कातडी, मूळ वस्तू नव्हे. म्हणून कुठलाही डाग दिसला की हातात काहीही घेण्यापूर्वी एवढं विचारायचं : हा डाग कातडीच्या वर आहे, कातडीच्या आत आहे, की कातडीखाली उतरला आहे? तिन्हींचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान ठरलेलं.

तुमच्या शिसवी टेबलाची कातडी बहुतेक लाखेची आहे. त्या काळचं चांगलं लाकूडकाम लाखेच्या पॉलिशनेच पुरं व्हायचं. फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात ते हेच. पॉलिशवाला येताना चपड्याची पुडी आणायचा. मधाच्या रंगाचे, काचेच्या कपच्यांसारखे पातळ तुकडे. ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि गोल गोल हात मारत बसायचं. एक हात वाळला की दुसरा, तो वाळला की पॉलिश पेपर, मग पुन्हा बोळा. आठवडाभर घरात स्पिरिटचा वास. इतके हात मारूनही सगळा थर वहीच्या कागदाहून जाड होत नाही. त्या टेबलाची झळाळी म्हणून आपण जी पाहतो ती एवढ्याशा जाडीत आहे.

आणि ही लाख येते किड्यापासून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे दाटीने बसतात, रस शोषतात आणि मादी स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करते. फांद्यांवरून ते खरवडायचं, धुवायचं, तापवून कापडातून पिळायचं आणि पातळ पत्र्यासारखं ताणून वाळवायचं. तो पत्रा मोडला की चपडा. झारखंड, छत्तीसगडमध्ये हा मोठा व्यवसाय आहे. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूलाही पळसावर लाख धरतात. महाभारतातल्या लाक्षागृहातली लाख हीच, आणि कोल्हापुरी साजाच्या पानांत सोनार भरतो तीही हीच. पोकळ दागिन्यात ती भरता येते, कारण उष्णतेने मऊ होऊन ती हवा तो आकार घेते आणि गार झाली की पुन्हा कडक होते. तुमच्या कड्याचं मूळ या एका गुणात आहे.

लाख साधारण 75 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडते. नुकत्याच ओतलेल्या चहाच्या कपाचं बूड जवळपास तेवढं तापलेलं असतं, आणि ओलंही असतं. कडेच्या रिंगणाखाली लाख सैल होते, वाफ तिच्यात शिरते. कप उचलला, लाख गार झाली, दार बंद! आत शिरलेला ओलावा आणि त्याने पाडलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या तिथेच अडकून राहतात. पूर्वी त्या थरातून प्रकाश सरळ आरपार जाऊन लाकडाचा रंग दाखवत होता. आता तो या लाखो पोकळ्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. खडीसाखर पारदर्शक असते आणि तीच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र दिसते. साखरेत नवा रंग कुठून आला? कुठूनच नाही. नुसते तुकडे आणि त्यांच्या कडा वाढतात, प्रकाश विखुरतो. तुमचं कडं म्हणजे लाखेची पिठीसाखर होती.

काकूंची इस्त्री काय करते ते आता तुम्हीच सांगू शकाल. लाख पुन्हा सैल होते, अडकलेला ओलावा निघून जातो, पोकळ्या मिटतात. डाग हवेत गेला. म्हणून फडकं कोरं.

एवढं खरं, की हा उपाय करताना घाई नडते. इस्त्री सर्वांत कमी तापमानावर हवी, वाफेची तर अजिबात नको, आणि एका वेळी चार-पाच सेकंदांहून जास्त ठेवू नये. फडकं उचलून पाहायचं, पुन्हा ठेवायचं. जास्त तापली तर लाख फडक्याला चिकटून वीण उमटते, आणि ती काढायला पॉलिशवालाच लागतो. खरं तर कडं ताजं असेल तर मी पहिले दोन दिवस काहीच करायला सांगणार नाही. कोरड्या हवेत बरंचसं पांढरेपण आपोआप उतरतं. मग केस वाळवायचं यंत्र लांबून, कोमट वाऱ्यावर. इस्त्री सगळ्यांत शेवटी.

आता अभ्यासाचं टेबल. सनमायका हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, आपण ते सगळ्यालाच लावून मोकळे झालो. त्यातला 'मायका' म्हणजे अभ्रक, पण या पत्र्यात अभ्रकाचा कणही नसतो. अमेरिकेत 1912-13 च्या सुमारास हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर हे दोन अभियंते विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा पत्रा राळेत भिजवून तयार करत होते. 'फॉर मायका', म्हणजे अभ्रकाच्या जागी, म्हणून त्याचं नाव फॉर्मायका पडलं, आणि अभ्रक त्या नावातून पुढच्या नावांत उतरलं. आत असतात जाड तपकिरी कागदाचे राळेत भिजवलेले थर, वर चित्राचा किंवा लाकडी रेषांचा छापील कागद आणि त्यावर मेलामाइनचं पारदर्शक कवच. हे सगळं प्रचंड दाबाखाली भाजून एकजीव केलेलं. एकूण जाडी साधारण एक मिलिमीटर.

लाख गुळाच्या पाकासारखी आहे : तापवा, सैल होते, गार करा, घट्ट होते, कितीदाही. मेलामाइन भाकरीसारखं आहे. एकदा भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. इस्त्रीने ते सैल होणारच नव्हतं. सैल झाला तो खालचा पांढरा डिंक, ज्याने पत्रा प्लायला चिकटवला होता. त्याला साठ-सत्तर अंशही सोसत नाहीत. म्हणून फुगा आला. पण त्याच्या या कमकुवतपणाचा उपयोगही होतो. फुग्यावर फडकं ठेवून तो भाग पुन्हा जरा कोमट करा आणि लगेच वर सपाट फळी आणि तिच्यावर जाड पुस्तकांची चळत ठेवून रात्रभर राहू द्या. सैल झालेला डिंक गार होताना बऱ्याचदा पुन्हा धरतो.

आणि मुलाच्या टेबलावरचा तो मूळ डाग? तो बहुधा साधा वरचा होता, पेनाची शाई नाहीतर सांडलेल्या सरबताचा चिकट राप. त्यासाठी कापसावर जरासं स्पिरिट घेऊन पुसलं असतं तर गेला असता. मेलामाइनला स्पिरिट काही करत नाही. पण हेच स्पिरिट शिसवी टेबलाला लावलं असतं, तर लाख चपड्यासारखी विरघळून बोळ्यावर आली असती. उष्णता आणि स्पिरिट, एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. म्हणून वस्तू ओळखणं आधी, पुसणं नंतर.

ओळखायचं कसं? टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने बोट टेकवा. चिकट लागलं तर लाख. काही झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा थेंब. तिथे मऊ पडलं तर ते लॅकर, सुतार ज्याला अजून डुको म्हणतात त्या जातीचं. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. हे करताना खिडकी उघडी आणि आसपास गॅस, उदबत्ती काही नको. आणि स्पिरिट लावलेल्या जागेजवळ त्या दिवशी इस्त्री मुळीच नाही.

लाखेला रोजचं काय सोसतं आणि काय नाही, तेही सांगून टाकतो. कोरडं मऊ सुती फडकं रोज चालेल. फार तर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, आणि लगेच मागून कोरडं. धुण्याचा सोडा, अमोनियाची काचपुसणी, भांड्यांचा साबण नको, कारण लाख अल्कलीत विरघळते. माझ्या आईच्या शिवणयंत्राच्या लाकडी पाटावर कुणीतरी हौसेने सोड्याच्या पाण्याचं फडकं फिरवलं होतं, तो आजही त्या जागी चुनखडी भिंतीसारखा निस्तेज आहे. आणि सॅनिटायझर! त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं. 2020 साली आपण सगळे भीतीपोटी दारं, खुर्च्यांचे हात, देव्हाऱ्याची कडी सॅनिटायझरने पुसत होतो. लाखेच्या पॉलिशला हे म्हणजे स्पिरिटनेच पुसणं झालं. आरशाच्या टेबलावर अत्तर किंवा बॉडीस्प्रेचे थेंब पडून उठलेले खरबरीत ठिपके पुष्कळ घरांत दिसतात, तेही याच कारणाने.

जाता जाता एक गोष्ट, कारण असं झालेलं मी ऐकलं आहे आणि ते मनाला लागून राहिलं आहे. कुणाकडे पणजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील, बालगंधर्वांच्या नाहीतर हिराबाईंच्या, 78 फेऱ्यांच्या, हातातून पडली तर फुटणाऱ्या, तर त्याही लाखेच्याच आहेत. चपड्यात बारीक दगडी पूड आणि काजळी मिसळून दाबलेल्या. नंतरच्या लवचीक तबकड्यांसाठी मिळणारी अल्कोहोलची द्रावणं त्यांच्यावर फिरवली, की गाणं पुसलं जातं, शब्दशः. मऊ ब्रशने धूळ झटकणं पुरे.

राहिला तिसरा डाग, खाली उतरलेला. तुमच्याकडे नाही, पण विचारणारे खूप असतात. कुंडीखाली, पाण्याच्या तांब्याखाली महिनोन्‌महिने ओल राहिली की काळा डाग पडतो. पाणी पॉलिश पार करून लाकडात गेलेलं असतं. लाकडातली तुरट द्रव्यं आणि लोखंडाचा अंश, मग तो खिळ्याचा असो की भांड्याच्या बुडाचा, ओलीत एकत्र आले की काळं संयुग होतं. जुनी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करत, ती अशीच काळी व्हायची. म्हणजे टेबलाने स्वतःच शाई केली. ती इस्त्रीने जात नाही, पुसून जात नाही. पॉलिश खरवडून, ऑक्झॅलिक आम्ल लावून, धुऊन, वाळवून नव्याने पॉलिश करणं हाच मार्ग आणि तो जाणकार सुताराचाच. काळा डाग दिसला की त्या टेबलावर घरगुती प्रयोग थांबवावेत.

प्रश्न : आमच्या कोकणातल्या घरी दर पावसाळ्यापूर्वी झोपाळ्याला आणि मोठ्या दाराला खोबरेल तेल चोळण्याची पद्धत आहे. लाकडाला तेल मुरतं आणि ते टिकतं असं आजी म्हणायची. पण दोन वर्षांपूर्वी झोपाळ्याला पॉलिश करून घेतलं, तेव्हापासून तेल लावलं की तो चिकट राहतो. काय चुकतंय?
एक वाचक, राजापूर

उत्तर : आजीचं तिच्या झोपाळ्यापुरतं बरोबर होतं. कोऱ्या लाकडात तेल मुरतं. पॉलिश केलेल्या लाकडात ते जाणार कुठून? कातडी मध्ये आली ना! मग ते वरच बसून राहतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात त्या चिकट धुळीवर बुरशी येते. पॉलिशवर तेल नकोच. आत्ता आहे ते घट्ट पिळलेल्या फडक्याने, पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून, दोन-तीनदा पुसून काढा आणि कोरडं करा.

कोऱ्या दाराचं वेगळं, पण तिथेही खोबरेलापेक्षा चांगलं तेल आहे. खोबरेल कधी वाळत नाही. जवसाचं तेल वाळतं. वाळतं म्हणजे उडून जातं असं नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाची पातळ, कडक साय होते. चित्रकारांचे तैलरंग याच गुणावर उभे आहेत. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवत तापवत आपण काळा तुळतुळीत करतो, तेव्हाही तेलाची अशीच साय बिडावर बसवत असतो. म्हणून तो तवा तारेच्या घासणीने आणि जोरकस साबणाने घासायचा नसतो. घासलात तर वर्षाची कातडी एका सकाळी गेली.

जवसाचं तेल अगदी पातळ लावायचं, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन दिवस वाळू द्यायचं आणि मग दुसरा हात. आणि एक सूचना फार गांभीर्याने घ्या. तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. गोळा केलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. असं खरोखर घडतं. फडकी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर दोरीवर एकेक पसरून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने न्हाणीघरातले नळ पांढरे होतात. संडास धुण्याच्या ॲसिडने ते क्षणात चकाकले, पण सहा महिन्यांत नळ पिवळट, ठिपक्याठिपक्यांचे झाले. दुसरं, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे, त्यावर लिंबाच्या फोडीचे पांढरट गोल उठलेत ते कशानेच जात नाहीत. दोन्हीकडे काहीतरी पांढरंच आहे, म्हणून एकत्र विचारते.
एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंग एकच, पण गोष्टी अगदी उलट्या. नळावर काहीतरी जास्तीचं बसलं आहे. ओट्यावरून काहीतरी गेलं आहे.

नळावरचं पांढरं म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट. पाण्याचा थेंब वाळतो आणि त्यातला चुना मागे राहतो. ते पूर्णपणे वरचं आहे, त्यामुळे काढणं सोपं. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात फडकं भिजवा, नळाला दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, धुवा, कोरडं करा. ॲसिडही चुना काढतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. नळ पितळेचा, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा थर. हा क्रोम कठीण असतो, पण त्याची जाडी मायक्रॉनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाच्या आसपास. हायड्रोक्लोरिक आम्ल त्याला विरघळवतं. तुम्हाला दिसतो तो पिवळेपणा आधी निकेलचा, मग पितळेचा. गेलेला क्रोम घरी परत आणता येत नाही. ॲसिडची बाटली न्हाणीघरात ठेवूसुद्धा नका. झाकण सैल असलं तर नुसत्या वाफेने नळ, कड्या, बिजागऱ्या खराब होतात. आणि ते ब्लीचिंगमध्ये कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. खरं सांगू का, आंघोळ झाल्यावर नळावरून कोरडं फडकं फिरवण्याएवढं दुसरं औषध नाही. थेंब वाळायलाच दिला नाही तर चुना येईल कुठून?

ओट्याला मात्र कातडीच नाही. कडप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर हे सगळे त्याच कुळातले. त्यांचा तुळतुळीतपणा वरून लावलेला नसतो, दगडच घासून घासून गुळगुळीत केलेला असतो. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, व्हिनेगर यांतलं आम्ल चुनखडीला खातं, बारीक फेस येतो आणि गुळगुळीत जागा खरबरीत होते. खरबरीत जागेवर प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरट दिसतं. पुसून जाण्यासारखं तिथे काही नाहीच. थेंबभर तेल चोळलं तर काळेपणा परत आल्यासारखा वाटतो, चार दिवस टिकतो. कायमचं हवं असेल तर फरशी-पॉलिशवाल्याकडून तेवढा भाग घासून घ्यावा लागतो. म्हणजे नळाला जो व्हिनेगर मी वर सांगितला, तो या ओट्याजवळही नेऊ नका. लिंबू चिरायचं ते ताटलीत. ग्रॅनाइटचा ओटा असता तर ही काळजी करायला नको होती. त्या दगडात चुना नसतो.

प्रश्न : सासूबाईंचं पितळेचं मोठं पातेलं आहे. कल्हई किती दिवसांनी करावी? आणि तोवर ती टिकवायची कशी?
एक वाचक, वर्धा

उत्तर : दिवसांवर नका जाऊ, आत डोकावून पाहा. कल्हई म्हणजे कथलाचा थर. तो करडा पडला, काळपट झाला तरी चिंता नाही. पण त्याच्यामधून पितळेचा पिवळा रंग डोकावू लागला की आमटी, कढी, चिंचेचं सार त्यात करणं थांबवा. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि पदार्थ कळकतो. हिरवट झाक, जिभेला कसनुसं लागणारी धातूची चव. तो फेकूनच द्यायचा.

कथील 232 अंशांना वितळतं. पातेल्यात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे वरण-भाताला काही होत नाही. रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर मात्र कथलाचे थेंब ओघळून बुडाशी जमतात. नॉनस्टिकचंही तसंच आहे, त्याच्या थराला 260 अंशांपलीकडे तापवू नये, आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांतच तिथे पोचतो. त्यातून निघणारा धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो. पातेल्याला आतून राख, वाळू, तारेची घासणी नको. बाहेरून चिंच-मीठ चोळा हवं तर, आत नुसतं भिजवून मऊ घासणी. कल्हईवाला आता गल्लीत क्वचित येतो, तांबटांच्या आळीत चौकशी केली तर भेटतो. तो नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, चिंधीने कथील आतून फिरवतो, तो क्षण मुलांना मुद्दाम दाखवा.

प्रश्न (मिरजेच्या त्याच वाचकांचं दुसरं पत्र) : पॉलिशवाल्याला शिसवी टेबल दाखवलं. तो म्हणतो, लाख काढून पीयू मारू, मग गरम कप ठेवला तरी डाग पडणार नाही. करावं का?

उत्तर : तो खोटं सांगत नाही. पीयू गरम कप, पाणी, स्पिरिट बरंच सोसतं. रोजच्या जेवणाच्या टेबलाला मीही तेच सुचवीन. तुमच्या टेबलाला मात्र नाही.

नवी लाख जुन्या लाखेत विरघळते. बोळ्यातल्या स्पिरिटने खालचा थर जरासा सैल होतो आणि दोन्ही एक होतात. म्हणून साठ-सत्तर वर्षांनंतरही एका कोपऱ्यापुरतं, एका ओरखड्यापुरतं पॉलिश दुरुस्त करता येतं आणि जोड दिसत नाही. पीयू एकदा बसलं की बसलं. त्यावर खोल चरा पडला तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, कडा दिसत राहते, आणि मग सगळा पृष्ठभाग यंत्राने घासून काढावा लागतो. प्रत्येक वेळी थोडं शिसवही जातं. शिवाय लाख पूर्ण न काढता वरून पीयू मारलं तर लाखेतल्या मेणामुळे ते नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. लाख डागाळते लवकर, पण बरीही होते. बशी ठेवायची सवय घरात लावणं हे टेबल सोलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आहे.

पॉलिशवाल्याला सांगा, जुन्यावरच लाखेचे दोन-तीन हात मारून दे. उरलेला चपडा मागून घ्या आणि कोरड्या बरणीत, गार जागी ठेवा. तो कपच्यांच्या रूपात बराच काळ टिकतो, स्पिरिटमध्ये भिजवलेला मात्र काही महिन्यांत जुना होतो आणि मग नीट वाळत नाही. म्हणून लागेल तेवढाच, छोट्या बाटलीत भिजवा आणि बाटलीवर तारीख लिहा. पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नखाने खरवडल्यावर कोरडा भुगा निघाला तर पॉलिश चांगलं. नख चिकटलं तर ती बाटली टाकून द्या, नवी भिजवा.